ड्राइव्हसोबतचा ‘प्रोटेक्शन सेट’: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

बेळगावात उद्यमबाग, मच्छे किंवा काकती-होनगा भागातल्या पॅनेलवाल्याकडं ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, घ्यायला गेलं की कोटेशनच्या तळाशी बहुधा एक जास्तीची ओळ असते: ‘प्रोटेक्शन सेट’. त्यात साधारण पाच वस्तू येतात. इनपुटला तीन टक्क्यांचा एसी चोक (लाइनमधली कोरवरची कॉइल), टाइप-२ एसपीडी (व्होल्टेजचा सर्ज अर्थकडं वळवणारा), ईएमआय फिल्टर (नॉइज अडवणारा), आउटपुटला चोक किंवा डीव्ही-बाय-डीटी फिल्टर (व्होल्टेजची चढण मंद करणारा), आणि केबलवर घालायच्या फेराइटच्या रिंगा. इथं परीक्षण केलंय ते १५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, सुमारे ३० अँपियरच्या ड्राइव्हला धरून. फौंड्रीतला ब्लोअर असो, सँड प्लांट असो की चिकोडी-रायबागकडचा नदीवरचा पंप, हा आकार सगळीकडं दिसतो. निकाल आधीच सांगतो. चोक घ्याच. एसपीडी घ्या, पण बसवताना स्वतः उभे राहा. आउटपुटचं केबलची लांबी मोजून ठरवा. ईएमआय फिल्टर सरसकट घेऊ नका.

आधी दुखणं ओळखायला हवं. ‘ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो’ एवढ्या एका तक्रारीवर हा सेट विकला जातो. पण ट्रिप, म्हणजे हे बंद पडणं, नेमकी कधी येते ते पाहिल्याशिवाय काहीच घेऊ नये. स्पीड उतरतानाच येत असेल तर दोष लाइनचा नाही. मोठा पंखा किंवा जड फ्लायव्हील थांबता थांबता मोटरलाच जनरेटर करतं आणि ती वीज ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये, म्हणजे आतल्या डीसी साठ्यात, परत भरते. ४१५ व्होल्टवर ही बस साधारण ५८७ व्होल्टला असते. ८०० च्या आसपास पोचली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद होतो. इथं डिसिलरेशनचा वेळ वाढवा, नाहीतर ती वीज उष्णतेत जाळणारा ब्रेक रेझिस्टर लावा. सेटमधली एकही वस्तू या ट्रिपला उपयोगाची नाही.

ट्रिप चालू स्पीडवर, लोड स्थिर असताना येत असेल तर मात्र एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलजवळ उभं राहून कान द्या. पॉवर फॅक्टरचा दंड चुकवायला बसवलेल्या कपॅसिटरचा कॉन्टॅक्टर खटकन बसतो, त्याच क्षणी लाइनवर काही मिलीसेकंदांची लाट उठते, डीसी बस वर जाते आणि ड्राइव्ह पडतो. बहुतेकांची फसगत इथंच होते. दुकानदार म्हणतो, सर्ज आहे, एसपीडी लावा. एसपीडी लागतो, बिल होतं, आणि ट्रिप तशीच राहते. कारण साध्या टाइप-२ एसपीडीची प्रोटेक्शन लेव्हल, म्हणजे तो व्होल्टेज जिथं रोखतो तो आकडा, १५०० व्होल्टच्या आसपास असते. कपॅसिटरच्या लाटेचं शिखर हजाराच्या अलीकडंपलीकडं रेंगाळतं. एसपीडीला ते दिसतच नाही. ही लाट अडवतो तो चोक. विजेच्या तडाख्यात ड्राइव्ह जळू नये म्हणून एसपीडी, रोजच्या रोज पडू नये म्हणून चोक, अशी ही वाटणी आहे. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

आता चोक. या सेटमधली सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत कामाची वस्तू हीच. ड्राइव्हच्या आतला डायोड ब्रिज करंट सलग ओढत नाही. व्होल्टेजच्या शिखरावर झटक्याझटक्यानं ओढतो. त्यातून पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे लाइनच्या ५० हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट, २५० आणि ३५० हर्ट्झ, लाइनवर पसरतो. चोक नसताना करंटमधली ही विकृती ८० टक्क्यांच्या वरही जाते, तीन टक्क्यांच्या चोकनं ती निम्म्यावर येते. पाच टक्क्यांचा घेतला तर आणखी थोडी उतरते, पण त्या थोड्यासाठी व्होल्टेज जास्त पडतं. अथणी, रायबागकडं फीडरच्या शेपटाला संध्याकाळी मुळातच व्होल्टेज कमी असेल तर पाच टक्क्यांचा चोक ड्राइव्हला अंडरव्होल्टेजवर पाडू शकतो. तिथं तीनच ठेवा. उलट उद्यमबागेत स्वतःचा ५०० केव्हीएचा टीसी (ट्रान्सफॉर्मर) आणि त्यावर एकटा १५ किलोवॅटचा ड्राइव्ह असेल तर चोकशिवाय तो चालवूच नये. टीसी ड्राइव्हच्या दहापटीपेक्षा मोठा असला की लाइन फार ‘कडक’ होते आणि प्रत्येक झटका थेट डायोडवर बसतो. शेजारी इंडक्शन फर्नेस असेल तर तिच्या थायरिस्टरनी व्होल्टेजच्या लाटेला पाडलेल्या खाचाही याच वाटेनं येतात.

तीन टक्के म्हणजे नेमकं किती, हे बिलावर लिहून घ्या. हिशेब सोपा आहे. फेज व्होल्टेज २४० धरलं तर त्याचे तीन टक्के ७.२ व्होल्ट. याला ३१४ गुणिले ३० नं भागलं की ०.७६ मिलीहेन्री. २२ किलोवॅट, ४५ अँपियरला हेच गणित ०.५१ मिलीहेन्री येतं. लेबलवर नुसतं ‘१५ केडब्ल्यू चोक’ लिहिलेलं असेल आणि मिलीहेन्री व अँपियर दोन्ही नसतील तर ती वस्तू तिथंच ठेवा.

गावात वाइंडिंगवाल्यांकडून बांधून घेतलेले चोक कंपनीच्या मालाइतके चांगले असू शकतात. तांबं भरपूर वापरलेलं असतं आणि दुरुस्ती दाराशी होते. त्यांत हमखास चुकते ती कोरमधली एअर गॅप. गॅप कमी पडली की चोक कमी करंटला बरोबर मोजला जातो, पण पूर्ण लोडवर कोर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वानं भरून जातो) आणि चोक नुसता तांब्याचा तुकडा उरतो. एलसीआर मीटरवर हे कळत नाही. खरी तपासणी अशी: चोकची एका बाजूची तिन्ही टोकं एकत्र जोडा, दुसऱ्या बाजूला तीन फेजचा डिमरस्टॅट आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून हळूहळू व्होल्टेज द्या. ३० अँपियरला दोन फेजमध्ये सुमारे १२.५ व्होल्ट दिसायला हवेत आणि ४५ अँपियरला १८.७. करंट दीडपट झाला पण व्होल्टेज त्या प्रमाणात चढलं नाही, तर माल परत करा. एकाच फेजवर मोजलं तर आकडा कमी येतो, म्हणून तीन फेजवरच मोजायला सांगा. जो वाइंडिंगवाला ही तपासणी समोर करून दाखवतो त्याच्याकडून बिनधास्त घ्यावा.

एक शंका हमखास येते: ड्राइव्हमध्ये डीसी चोक आतच आहे, मग बाहेर कशाला? हार्मोनिकपुरतं ते खरं आहे. पण डीसी चोक डायोड ब्रिजच्या मागं बसतो, म्हणजे लाइनचा धक्का ब्रिजनं आधी खाल्लेलाच असतो. वर सांगितलेली लाट किंवा फर्नेसच्या खाचा येत असतील तर बाहेरचा एसी चोकही लागतो. आणि कपॅसिटरच्या बाजूलाही हात घाला. साध्या कॉन्टॅक्टरऐवजी प्री-चार्ज रेझिस्टरवाले कपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टर, आणि प्रत्येक स्टेपला ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर. तो कपॅसिटरसह १८९ हर्ट्झला ट्यून होतो, त्यामुळं २५० हर्ट्झच्या पाचव्या हार्मोनिकशी सूर जुळून कपॅसिटर फुगण्याचा धोका टळतो. रिअॅक्टर लावल्यावर कपॅसिटरवर ४४६ व्होल्ट पडतात, म्हणून ४४० चे जुने कपॅसिटर तसेच ठेवू नका. ४८० किंवा त्याहून वरचे घाला.

एसपीडीबद्दल सांगायचं तर वस्तू चांगली, बसवणं वाईट, असंच चित्र जास्त दिसतं. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी सुरू झाल्या की विजांचा कडकडाट घाटमाथ्यापासून अथणीपर्यंत सगळीकडं असतो. वीज फीडरवर थेट पडायला लागत नाही. आसपास पडली तरी तारांवर सर्ज चढतो. ओव्हरहेड लाइनवर असलेल्या प्रत्येक शेडला एसपीडी हवाच. लेबलवर तीन आकडे पाहा. नॉमिनल डिस्चार्ज करंट २० किलोअँपियर, कमाल ४० किलोअँपियर, हे ८/२० मायक्रोसेकंदच्या लाटेवर. तिसरा आकडा सतत सहन होणारं व्होल्टेज, यू-सी. बरेच दुकानदार इथं २७५ चा देतात. आपल्याकडं टीसीचा न्यूट्रल सैल होणं किंवा तुटणं ही ऐकीव गोष्ट नाही, आणि न्यूट्रल गेला की एखादा फेज ४०० च्या दिशेनं चढतो. २७५ चा एसपीडी त्यात सर्जशिवायच भाजून निघतो. ३२० किमान, ३८५ असेल तर बरं. ३८५ ची प्रोटेक्शन लेव्हल थोडी वर असते, पण दर पावसाळ्यात कार्ट्रिज (एसपीडीचा बदलता येणारा भाग) बदलण्यापेक्षा ते परवडतं. इमारतीवर लाइटनिंग अरेस्टर असेल तर मेन पॅनेलला टाइप-१ किंवा टाइप-१ आणि २ एकत्र असलेला घ्या. नुसता टाइप-२ त्या करंटला पुरत नाही. स्वतःचा टीसी असेल, न्यूट्रल आणि अर्थ वेगवेगळे आणलेले असतील, तर चार पोलचा चालतो. बाहेरच्या टीसीवरून लाइन आणि अर्थ मात्र आपल्या खड्ड्याचा, अशी जोडणी असेल तर ‘तीन अधिक एक’ प्रकारच घ्या, ज्यात न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये स्पार्क गॅप असतो.

आता बसवण्याकडं बारकाईनं पाहा. पॅनेलचं दार उघडा. एसपीडी वर उजव्या कोपऱ्यात, डीआयएन रेलवर, ‘ठीक आहे’ सांगणारी हिरवी खिडकी दाखवत बसलेला असतो. बसबारपासून त्याच्यापर्यंत फेजची वायर डक्टमधून वळणं घेत गेलेली, आणि त्याच्या खालून निघालेली हिरवी वायर पूर्ण पॅनेल उतरून तळाच्या अर्थ बारला. दोन्ही मिळून दीड मीटर सहज होते. विजेचा सर्ज मायक्रोसेकंदाला हजार अँपियर या वेगानं चढतो, आणि सरळ वायरच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. म्हणजे वायरच्या प्रत्येक मीटरवर हजार व्होल्ट पडतात. एसपीडीचे १५०० आणि वायरचे १५००, मिळून ड्राइव्हला ३००० दिसतात. आतल्या डायोड ब्रिजची सहनशक्ती बहुधा १६०० व्होल्टची असते. हिरवी खिडकी तशीच हिरवी राहते आणि ड्राइव्ह जातो.

नियम असा: बसबार ते एसपीडी आणि एसपीडी ते अर्थ बार, दोन्ही वायरी मिळून अर्धा मीटर. त्यापेक्षा जास्त होत असेल तर एसपीडी खाली आणा, किंवा त्याच्या शेजारीच छोटा अर्थ बार लावून तो पॅनेलच्या उघड्या पत्र्याला जोडा. त्याहून चांगलं म्हणजे फेजची मेन वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलला न्यायची आणि तिथूनच पुढं ड्राइव्हकडं काढायची. मग फेजकडची लांबी मोजायचीच राहत नाही. मात्र मग सगळा लोड करंट त्या टर्मिनलमधून जातो, तेव्हा तेवढी त्याची क्षमता आहे का ते पाहा. फेजला किमान ६, अर्थला १० चौरस मिलिमीटर तांबं. वरचा एमसीसीबी (मेन ब्रेकर) लेबलवरच्या कमाल बॅकअप फ्यूजपेक्षा मोठा असेल तर एसपीडीला स्वतंत्र फ्यूज द्या. आणि ड्राइव्ह एसपीडीपासून दहा मीटरपेक्षा लांब असेल तर ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये दुसरा एसपीडी लागतो. नदीवरच्या जॅकवेलमधून (पंपाच्या विहिरीतून) येणाऱ्या लेव्हल सेन्सरच्या तारेला २४ व्होल्टचा सिग्नल एसपीडी वेगळा लागतो. सेटमध्ये तो कधीच नसतो, आणि वळवात ड्राइव्हचं अॅनालॉग इनपुट मरतं ते त्याच तारेनं.

आउटपुटची वस्तू म्हणजे केवळ मीटर-टेपचा प्रश्न. ड्राइव्हचे आयजीबीटी, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच, डीसी बसला सेकंदाच्या दशलक्षांश भागात उघडझाप करतात. ०.१ मायक्रोसेकंदात चढणारी ही लाट केबलमधून जाते, मोटरच्या टर्मिनलवर आपटून परत फिरते आणि तिथं व्होल्टेज दुप्पट, म्हणजे जवळजवळ १२०० व्होल्ट होतं. लाटेचा वेग मायक्रोसेकंदाला १५० मीटर धरला तर आठएक मीटर केबलपासूनच पूर्ण दुप्पट होते. अमेरिकेच्या नेमा एमजी-१ या मोटर मानकाच्या भाग ३१ मध्ये इन्व्हर्टर मोटरचं (ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरचं) वाइंडिंग रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर, म्हणजे ४१५ ला सुमारे १२८५ व्होल्ट, आणि ०.१ मायक्रोसेकंदाची चढण झेलायला हवं असं दिलंय. नव्या, चांगल्या मोटरला २० मीटरपर्यंत काही लावायची गरज नाही. ५० मीटरपर्यंत आउटपुट चोक पुरतो. तो शिखर फारसं कापत नाही, पण चढण मंद करतो. त्यापुढं डीव्ही-बाय-डीटी फिल्टर, आणि दोनतीनशे मीटरच्या वर साइन फिल्टर, जो झटक्यांची जवळजवळ गुळगुळीत लाट करतो. हे आकडे मोटर आणि कॅरियर फ्रिक्वेन्सीप्रमाणे (आयजीबीटींच्या उघडझापीच्या वेगाप्रमाणे) हलतात, तेव्हा ड्राइव्हच्या मॅन्युअलमधला तक्ता शेवटचा माना.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभेच्या काठच्या लिफ्ट योजनांना मात्र पळवाट नाही. काठावर ड्राइव्ह, पाण्यात सबमर्सिबल, मध्ये लांबलचक केबल. पाणी भरलेल्या सबमर्सिबलचं वाइंडिंग प्लास्टिक-वेष्टित तारेचं असतं आणि ते हे झटके फार काळ सोसत नाही. तिथं साइन फिल्टर घ्या. त्यात थोडं व्होल्टेज पडतं, आणि ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी फिल्टरवर लिहिलेल्या किमान आकड्याखाली नेता येत नाही. तो आकडा सेट न करता फिल्टर जोडला तर फिल्टरच तापून जळतो. रिवाइंड केलेल्या मोटरवर ड्राइव्ह लावायचा असेल तर वाइंडिंगवाल्याला इन्व्हर्टर ग्रेड तार आणि फेजमधले इन्सुलेशन पेपर स्पष्ट सांगा. नेहमीच्या तारेनं भरलेली मोटर डायरेक्ट लाइनवर वर्षानुवर्षं चालेल आणि ड्राइव्हवर पहिल्याच टर्नजवळ फुटेल.

दोन गोष्टी आउटपुटला कधीच लावू नका: पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर आणि लाइनचा एसपीडी. कपॅसिटर आयजीबीटी फोडतो आणि एसपीडी दर झटक्याला तापून मरतो. ‘डबल सेफ्टी’ म्हणून मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये एसपीडी टाकणारे दिसतात. ते लगेच काढायला लावा.

ईएमआय फिल्टरवर फार लिहायला नको. अनेक ड्राइव्हमध्ये तो आतच असतो. बाहेरचा लागतो तो शेडमध्ये संवेदनशील वजनकाटे, लॅबची उपकरणं किंवा परदेशी ग्राहकाची अट असेल तेव्हा. त्याच्या आतले कपॅसिटर अर्थकडं करंट सोडतात, त्यामुळं ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती करंटवर पडणारा ब्रेकर) उगाच पडायला लागतो. रंगवलेल्या पत्र्यावर बसवला तर काही कामाचा नाही, आणि त्याच्या इनपुट-आउटपुटच्या वायरी एकत्र बांधल्या तर फिल्टरही वाया आणि पैसेही. फेराइट रिंगा स्वस्त आहेत, पण मोटरच्या तिन्ही फेज एकाच रिंगमधून एकत्र काढायच्या आणि अर्थची वायर बाहेर ठेवायची. प्रत्येक फेजला वेगळी रिंग घालणं म्हणजे रिंग वाया.

सीएनसीवर आकडे नाचतात, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) मध्येच रिसेट होतो, सेन्सरचं ४-२० मिलिअँपियरचं रीडिंग थरथरतं, या तक्रारी सेटपेक्षा जोडणीनं जास्त सुटतात, आणि त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. मोटर केबल शील्डेड घ्या, निदान आर्मर्ड, आणि शील्ड दोन्ही टोकांना चहूबाजूंनी क्लॅम्पखाली दाबा. शील्डची वेणी करून एका स्क्रूला बांधली की उच्च फ्रिक्वेन्सीला ती नसल्यात जमा. ग्लँड प्लेटचा पावडर कोट घासून पत्रा उघडा करा, मग पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड कसा. मोटरच्या बॉडीपासून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला स्वतंत्र वायर द्या आणि पॅनेलच्या दाराला चपटी तांब्याची ब्रेड. खड्ड्याचा अर्थ जीव वाचवण्यासाठी हवाच. खानापूर-बेळगावच्या जांभ्या जमिनीत तो उन्हाळ्यात कोरडा पडतो, तेव्हा एप्रिल-मेमध्येच मोजा. पण नॉइज कमी होतो तो मोटर ते ड्राइव्ह या जवळच्या वाटेनं. खड्ड्याचे ओहम कितीही उतरवले तरी ती वाट सुटी असेल तर नॉइज बेअरिंगमधून जागा शोधतो आणि बेअरिंगच्या रेसवर शिडीसारख्या पट्ट्या पडतात.

सिग्नलच्या केबल मोटर केबलपासून ३०० मिलिमीटर दूर ठेवा. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. ०-१० व्होल्टऐवजी ४-२० मिलिअँपियर, पिळाच्या जोडीत, शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ. आरएस-४८५ या डेटा लाइनच्या दोन्ही शेवटांना १२० ओहम. कॅरियर फ्रिक्वेन्सी ८ वरून ४ किंवा २ किलोहर्ट्झवर आणा (साइन फिल्टर असेल तर त्याच्या किमान आकड्याखाली नाही). मोटर थोडी गुणगुणेल, पण गळती करंट आणि नॉइज दोन्ही लगेच उतरतात.

सेटमध्ये नसलेली आणि हवी होती अशी एक गोष्ट आहे. पॅनेलमधल्या प्रत्येक कॉन्टॅक्टर, रिले आणि सोलेनॉइडच्या कॉइलवर सप्रेसर. २३० व्होल्ट एसी कॉइलला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर, कपॅसिटर एक्स-२ दर्जाचा. २४ व्होल्ट डीसी कॉइलला १एन४००७ डायोड, पट्टीचं टोक प्लसकडं. कॉइल सुटताना उठणारी ठिणगी पीएलसीला ड्राइव्हइतकीच सतावते. पुढच्या कोटेशनमध्ये ईएमआय फिल्टर खोडून त्याजागी हे लिहायला सांगा, पैसेही वाचतील.

बसवून घेताना पॅनेलवाल्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: चोकचे मिलीहेन्री आणि अँपियर, एसपीडीचा यू-सी आणि वायरची लांबी, फिल्टरची किमान कॅरियर फ्रिक्वेन्सी, आणि एसपीडीचं सुटं कार्ट्रिज मिळेल ना. वळीव सुरू व्हायच्या आधी एक कार्ट्रिज शेडमध्ये आणून ठेवा, आणि मोठा कडकडाट झाल्यावर दुसऱ्या दिवशी खिडकी पाहा; लाल झाली असेल तर त्याच दिवशी बदला. पुढं कधी मोटर मेगर करायची, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासायचं, झालं तर आधी ड्राइव्हच्या आउटपुटच्या तिन्ही वायरी सोडा. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये गेले तर त्यापासून वाचवणारं या सेटमध्ये काहीच नाही.